नाणं दाखवा, घर दाखवू नका

नाणी जमवणाऱ्या सगळ्या मंडळींना एक कळकळीची विनंती करायची आहे.

आपला छंद गेल्या दहा-पंधरा वर्षांत कपाटातून मोबाइलवर आला. पूर्वी एखादी वेगळी शिवराई हाती लागली, तर ती रुमालात बांधून पुण्याच्या एखाद्या जाणकाराकडे किंवा नाशिकजवळ अंजनेरीच्या संशोधन संस्थेत घेऊन जावं लागे. आता फोटो टाकला की पाच मिनिटांत कोल्हापूरहून कुणी सांगतं, ‘ही दुदांडी आहे’. इंदूरचा कुणी अक्षरांचं वळण दाखवून देतो, आणि अमेरिकेत राहणारा एखादा मराठी संग्राहक आपल्याकडचा नमुना ताडून बघतो. गावाकडच्या शिक्षकाला, एसटीतल्या वाहकाला, कॉलेजातल्या मुलीला एवढे जाणकार एरवी कुठे भेटले असते? ही सोय सोडा, असं मी मुळीच म्हणणार नाही. नाणं कुणी पाहिलंच नाही, तर त्यातला इतिहास कळत नाही. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप राजा नहपानाची होती, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वरून पुन्हा उमटवला होता. सातवाहनांनी क्षत्रपांना हरवलं याचा हातात धरून बघता येईल असा पुरावा त्या साठ्यामुळे मिळाला. तो कुणी गुपचूप सोनाराकडे नेऊन आटवला असता, तर आपण सगळेच त्याला मुकलो असतो.

तेव्हा नाणी जरूर दाखवा. फक्त ती कुणाची आहेत आणि कुठे ठेवलेली आहेत, हे त्याच फोटोबरोबर जगाला सांगू नका. नाणं, नाव आणि घर या तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात तोवर फारसं बिघडत नाही. त्या एका जागी आल्या, की धोका सुरू होतो.

यावर हमखास उत्तर येतं, ‘आमच्याकडे कसला आलाय खजिना? चार शिवराया, थोडे ढबू पैसे, आजोबांच्या वेळचे राणीछाप रुपये. एवढ्यासाठी कोण येतंय चोरायला?’ संग्राहक म्हणून हे म्हणणं बरोबर आहे. शिवरायांच्या राज्याभिषेकानंतर पेशवाई संपेपर्यंत, आणि त्यानंतरही काही काळ, वेगवेगळ्या टांकसाळींतून शिवराई पडत राहिली. त्यामुळे साधी शिवराई आजही काही शेकड्यांत मिळते. हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. पण चोराला हे ठाऊक नसतं. तो ‘शिवकालीन नाणी’ एवढंच वाचतो. खाली कुणा भाच्याने कौतुकाने लिहिलेलं असतं, ‘काका, हा तर करोडोंचा ठेवा!’ तेही तो वाचतो. त्याच्या डोक्यात बसतो तो हा करोडोंचा आकडा. खरा भाव काय आहे याची चौकशी करायला तो कुणाकडे जात नाही.

नुसत्या चर्चेवर माणसं किती हलतात, ते २०२५ च्या मार्चमध्ये बऱ्हाणपूरजवळ असीरगडला सगळ्यांनी पाहिलं. ‘छावा’ चित्रपट नुकताच येऊन गेला होता. बऱ्हाणपुरात मोगलांचा खजिना होता असं त्यात दाखवलेलं. त्यातच असीरगडाच्या परिसरात सोन्याची नाणी सापडल्याची बातमी मोबाइलवरून पसरली, आणि रात्रीच्या रात्री लोक टॉर्च, कुदळी, मेटल डिटेक्टर घेऊन लोकांच्या शेतात उतरले. शेतंच्या शेतं खणून काढली. खजिना आहे की नाही, हे विचारत कुणी थांबलं नाही. एका अफवेने शेतांची ही गत होत असेल, तर ‘अमुक नगरातल्या तमुक साहेबांकडे तीन कपाटं भरून जुनी नाणी आहेत’ या वाक्याने काय होऊ शकतं, याचा विचार करा.

आता फोटोकडे येऊ. आपण एक नाणं टेबलावर ठेवतो, फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. आपल्या डोळ्यांना त्यात फक्त नाणं दिसतं, कारण आपलं सगळं लक्ष ‘श्री राजा शिव’मधला ‘श्री’ पूर्ण आलाय का, यावर असतं. तोच फोटो आता परक्या माणसाच्या नजरेने, दोन बोटांनी मोठा करून पाहा. नाण्याखाली वर्तमानपत्र अंथरलेलं आहे. त्यावर आवृत्तीचं गाव आणि तारीख आहे. शेजारी कुरिअरचं पाकीट पडलंय, त्यावर नाव, फ्लॅट नंबर, पिनकोड. वीजबिलाची घडी पेपरवेटखाली आहे आणि ग्राहक क्रमांक वर आलाय. मागे गोदरेजचं कपाट अर्धं उघडं, किल्ली कुलपालाच लटकलेली. वरच्या फळीवर तशाच पाच-सहा अल्बमच्या कडा दिसताहेत, म्हणजे हे एकच नाणं नाही हेही कळलं. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचं नाव. भिंतीवर नातवाच्या शाळेचं प्रमाणपत्र. आणि भिंगाच्या काचेत, नीट पाहिलं तर, फोटो काढणाऱ्याची आणि त्याच्यामागच्या दाराची सावली. एका नाण्याच्या फोटोत एवढं सगळं बाहेर जातं.

यावर उपाय अगदी सोपा आहे. एक कोरा काळा किंवा पांढरा कागद कायमचा बाजूला काढून ठेवा. नाणं त्यावर ठेवायचं, जवळून फोटो काढायचा, आणि कागदाच्या बाहेरचं जे काही आलं असेल ते कापून टाकायचं. मोजमाप दाखवायला शेजारी साधी पट्टी ठेवा. नाण्यांचा ढीग, उघडा अल्बम, पलंगभर मांडलेला संग्रह, हे फोटो मात्र काढले तरी कुणाला पाठवू नका. एका वेळी एकच नाणं दाखवलं, तर अभ्यासाला काही कमी पडत नाही, आणि तुमच्याकडे एकूण किती आहे याचा अंदाज कुणाला येत नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जास्त काळजीची. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल, तर फोटो जिथे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांश फोटोच्या फाइलमध्येच नोंदले जातात. नकाशात ते टाकले, की थेट तुमची इमारत समोर येते. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला, तर ही नोंद गळून जाते. फेसबुक आणि इन्स्टाग्रामही ती बघणाऱ्यांना दाखवत नाहीत. पण आपल्या मंडळींची एक सवय आहे. नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो, अक्षरं पुसट होतात, टांकसाळीचं चिन्ह वाचता येत नाही. म्हणून आपण तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवतो. अक्षरं स्वच्छ दिसतात खरी, पण मूळ फाइल जशीच्या तशी जाते, घराच्या पत्त्यासकट. ईमेलने किंवा गूगल ड्राइव्हच्या लिंकने पाठवलेल्या फाइलचंही तेच. म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन आजच बंद करून टाका. जुने फोटो पाठवायचे असतील, तर फोटो पडद्यावर मोठा करून त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो पाठवा. स्क्रीनशॉटमध्ये ती नोंद येत नाही. हे जमत नसेल, तर घरातल्या शाळकरी मुलाला सांगा, तो दोन मिनिटांत करून देईल.

नंतर प्रश्न येतो नावाचा. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये तुमचा नंबर प्रत्येक सभासदाला दिसतो, आणि एका ग्रुपमध्ये हजाराच्या वर सभासद असू शकतात. त्यांतले तुम्ही ओळखता ते पन्नास. नंबरावरून ट्रूकॉलरवर नाव मिळतं, नावावरून फेसबुक, आणि फेसबुकवर मागच्या वर्षीच्या गृहप्रवेशाचे फोटो, दारावरच्या पाटीसह. कुणाला काही हॅक करावं लागत नाही, नुसतं एकामागून एक पाहत जावं लागतं. छंदासाठी वेगळं सिमकार्ड घेता आलं तर उत्तमच. नाही जमलं, तरी प्रोफाइलचा फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असं करा, ‘आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल’ हे सेटिंग आपल्या संपर्कांपुरतं ठेवा, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावून घ्या. फेसबुकवर जुन्या सगळ्या पोस्ट एकाच फटक्यात फक्त मित्रांपुरत्या करायची सोय आहे, तीही वापरा.

ग्रुप चालवणाऱ्या अॅडमिन मंडळींनो, तुमच्याकडे एक खास मागणं आहे. नवा सभासद आला, की त्याला ‘पूर्ण नाव, गाव, व्यवसाय, संग्रहात काय काय आहे’ असा परिचय टाकायला लावण्याची पद्धत बंद करा. हेतू आपुलकीचा असतो हे मान्य आहे, पण त्यातून कुणाच्या घरी काय आहे याची यादी तयार होते आणि ती हजार अनोळखी मोबाइलवर जाऊन बसते. परिचय हवाच असेल तर आवडीचा द्या: सातवाहन, मोगल, मराठे, संस्थानी, काय जमवता ते. माणसाचा पत्ता कशाला?

आणि सभासदांनो, दुसऱ्याची माहितीही तितकीच जपा. एखाद्या ज्येष्ठ संग्राहकाकडे आपण जातो, ते मायेने चहा देतात, ट्रे उघडून दाखवतात. परत येताच आपण लिहितो, ‘आज अमुक काकांच्या घरी जाण्याचा योग आला, केवढा संग्रह, थक्क झालो’, आणि सोबत काकांचा हसरा फोटो, मागे कपाट. ते काका सत्तरीचे, मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशी, घरात दोघंच. त्यांनी स्वतः आयुष्यात कधी एक फोटो टाकलेला नसतो. त्यांच्या संग्रहाची दवंडी आपण पिटली. असं लिहिण्याआधी त्यांना विचारा. आणि ते भिडेपोटी हो म्हणाले, तरी घर आणि नाव वगळूनच लिहा.

स्थानिक वर्तमानपत्रं आणि यूट्यूब चॅनेलवाले ‘आगळावेगळा छंद’ म्हणून मुलाखत घ्यायला येतात. द्यायची असेल तर शाळेच्या किंवा वाचनालयाच्या सभागृहात द्या, घरात नको. वस्तीचं नाव छापू नका, असं स्पष्ट सांगा. मोलाची नाणी बँकेच्या लॉकरमध्ये असतात, हे वाक्य आवर्जून घालायला लावा. अर्थात आधी ती खरंच लॉकरमध्ये ठेवा.

दिवाळीचं वेगळं बोलायला हवं, कारण इथे नाणी न जमवणारेही येतात. लक्ष्मीपूजनाला चौरंगावर चांदीचे रुपये, आजीची पुतळ्यांची माळ, तांब्याच्या ताम्हनात जुनी नाणी मांडायची आपली परंपरा सुंदर आहे. पूजा झाली, की तोच फोटो स्टेटसला जातो. स्टेटस कोण पाहतं? ज्याचा नंबर फोनमध्ये साठवला आहे तो प्रत्येकजण: नळ दुरुस्त करून गेलेला, गाडीचा जुना चालक, एकदाच आलेला रंगारी. यांतली बहुतेक माणसं प्रामाणिक असतात. पण स्टेटस त्यांच्या शेजारी बसलेलाही पाहतो. दोन दिवसांनी आपणच दुसरं स्टेटस टाकतो, ‘चाललो कोकणात सुट्टीला’. पूजेचा फोटो घरच्यांपुरता ठेवा, स्टेटस कुणाला दिसावं हे निवडता येतं. सहलीचे फोटो परत आल्यावर टाका. नाण्यांच्या प्रदर्शनालाही हेच लागू आहे. पिशवीत चार मोलाची नाणी घेऊन संध्याकाळच्या गाडीने घरी निघालेल्या माणसाने दुपारीच ‘आजची खरेदी’ म्हणून फोटो टाकू नये.

याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. पॅरिसमध्ये ऑक्टोबर २०१६ मध्ये किम कार्दशियन या प्रसिद्ध बाईला बांधून घालून दरोडेखोरांनी तिचे दागिने नेले. टोळीच्या म्होरक्याने पुढे पोलिसांना सांगितलं, की दागिने आणि ती पॅरिसला केव्हा येणार, हे इंटरनेटवरच पाहायला मिळत होतं. तिच्याजवळ पहारेकरी ठेवण्याची ऐपत होती. आपल्याकडे सोसायटीचा एक वॉचमन असतो, तोही रात्री दोन इमारती सांभाळतो.

चोर घरापर्यंत येतातच असं नाही. फोनवरून येणारे जास्त. पाच रुपयांच्या ट्रॅक्टरवाल्या नोटेला, वैष्णोदेवीच्या नाण्याला, ७८६ क्रमांकाच्या नोटेला लाखो रुपये मिळतात असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. त्यांच्या खालच्या प्रतिक्रिया वाचून जीव तुटतो. ‘माझ्याकडे आहे साहेब, संपर्क करा’ आणि पुढे दहा आकडी नंबर. बहुतेक गरजवंत माणसं असतात; कुणाच्या मुलीचं लग्न असतं, कुणाचं कर्ज. ठगांना सावज शोधायला जावंच लागत नाही, नंबर त्यांच्यासमोर मांडून ठेवलेले असतात. मग फोन येतो. बोलणारा गोड बोलतो, त्याच्या प्रोफाइलवर रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असतं, तो ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. आधी हजारभर रुपये ‘नोंदणी’चे. ते भरले की जीएसटी. मग ‘रिझर्व्ह बँकेची एनओसी’, मग रक्कम घेऊन येणाऱ्या गाडीचा विमा. मध्येच आधार आणि पासबुकाचा फोटो मागून घेतात. पैसे संपले असं माणूस म्हणाला, की आवाज बदलतो: जुनी नाणी बाळगणं गुन्हा आहे, पोलीस पाठवतो.

यावर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट सांगितलं आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काही संबंध नाही, ती असं कोणतंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि आपल्या वतीने ते घ्यायला तिने कुणालाही नेमलेलं नाही. जुनी नाणी बाळगणं गुन्हा नाही. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. कुणी ‘पैसे पाठवतोय, कोड स्कॅन करून पिन टाका’ म्हणालं, की फोन ठेवा. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

खरं गिऱ्हाईक आलं, तरी त्याला घरी बोलावू नका. ओळखीच्या व्यापाऱ्याच्या दुकानात किंवा प्रदर्शनाच्या सभागृहात भेटा. परदेशातून कुणी मोठ्या रकमेची लालूच दाखवली तर थांबा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. ते स्वतःहून देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. मग घेणारा सख्खा चुलतभाऊ का असेना.

आपल्या फोटोचा गैरवापरही होतो. तुमच्या नाण्याचा फोटो उचलून, ते आपल्याकडे आहे असं भासवून तिसराच माणूस आगाऊ पैसे घेतो आणि पसार होतो. म्हणून फोटोवर, नाण्याच्या कडेवरून आडवी जाईल अशी, आपल्या संग्रहाची एखादी खूण टाका. नाव नको, टोपणनाव चालेल.

इथवर लपवण्याचं बोललो. पण फोटो न काढणं हा उपाय नव्हे, हे एका जुन्या चोरीवरून मी शिकलो. १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत मायामीला विलिस दु पाँ या धनाढ्य संग्राहकाच्या घरी बुरखे घातलेले सशस्त्र दरोडेखोर शिरले आणि हजारो नाणी घेऊन गेले. तेव्हा मोबाइल नव्हता, पण त्याच्याकडे काय आहे हे नाण्यांच्या जगात सर्वश्रुत होतं. त्या लुटीत १८०४ सालचे दोन चांदीचे डॉलर होते. असे डॉलर जगात अगदी मोजकेच. त्यांतला एक १९८१ मध्ये सापडला, दुसरा १९८२ मध्ये. आणि १८६६ चा एका खास प्रकारचा डॉलर, ज्याची जगात दोनच नाणी ज्ञात आहेत, तो २००४ साली, म्हणजे ३७ वर्षांनी उजेडात आला. एवढ्या वर्षांनी तो ओळखता आला, कारण नाण्याची नोंद होती. अशा नाण्यावरची प्रत्येक रेघ जाणकारांच्या माहितीतली असते.

आपल्या नाण्यांची तशी नोंद आपल्यालाच करावी लागेल. शिवराई तर हाताने पाडलेली. ठसा कधी डावीकडे सरकलेला, कधी अर्धा बाहेर गेलेला. त्यामुळे एक शिवराई दुसरीसारखी नसते, आणि ओळख पटवायला हीच गोष्ट कामी येते. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्पष्ट फोटो काढा. सोनाराच्या काट्यावर वजन करून ग्रॅमच्या दोन दशांश स्थळांपर्यंत लिहा. व्यास मिलिमीटरमध्ये. कुठला ओरखडा, कुठलं छिद्र, कुठे झीज. कधी, कुणाकडून, किती रुपयांना घेतलं. पावती असेल तर तिचा फोटो. ही यादी मोबाइलच्या गॅलरीत ठेवू नका. मोबाइल हरवला की अख्खा संग्रह दुसऱ्याच्या हाती उलगडतो. पासवर्ड लावलेल्या पेनड्राइव्हवर ठेवा, आणि पेनड्राइव्ह नाण्यांबरोबर त्याच कपाटात नको, भावाकडे किंवा मुलीकडे ठेवा.

लॉकरबद्दल एक आकडा लक्षात असू द्या. लॉकरमध्ये चोरी झाली, आग लागली किंवा कर्मचाऱ्याने अफरातफर केली, तर २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरती आहे. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. आत काय ठेवलं आहे हे बँकेला माहीत नसतं, त्यामुळे तुमची यादी हाच पुरावा. घराचा विमा असेल तर त्यात नाणी धरली आहेत का, हे एजंटला तोंडी न विचारता कागदावर लिहून मागा.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जगापासून लपवण्याच्या नादात काही जण घरच्यांपासूनही लपवतात. माणूस अचानक जातो, आणि मागे राहिलेल्यांना त्या डब्यात काय आहे हेच माहीत नसतं. आयुष्यभराचा संग्रह मग भंगाराच्या किंवा मोडीच्या भावाने जातो. घरातल्या एका विश्वासू माणसाला, बायकोला, मुलीला किंवा भावाला, समोर बसवून सगळं सांगा. यादी कुठे आहे, विकायची वेळ आली तर कुणाला विचारायचं, कुणाला मुळीच विचारायचं नाही. हे फॅमिली ग्रुपवर टाकायचं नाही, हेही सांगा.

पावसाळ्यात माती वाहून गेली, की गडाच्या उतारावर किंवा नांगरलेल्या रानात कधी कधी नाणी वर येतात. अशा वेळी जागेचं नाव टाकून, जीपीएस दाखवून पोस्ट करण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. पुढच्या रविवारी तिथे मेटल डिटेक्टर घेऊन माणसं पोचतात, जमीन उकरतात, आणि नाण्याबरोबर जी माहिती मातीत होती ती कायमची जाते. जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तहसील कार्यालयात अर्ज द्या, पुरातत्त्व विभागाला कळवा. सापडल्याची जागा त्यांना तंतोतंत सांगा; ग्रुपवर नको.

आणि एवढं करूनही चोरी झालीच, तर वागायची रीत उलटी होते. घरातल्या वस्तूंना हात न लावता पोलिसांना बोलवा. यादी छापून तक्रारीला जोडा, म्हणजे ‘काही जुनी नाणी’ असं मोघम न लिहिता प्रत्येक नाणं वजनासह एफआयआरमध्ये येईल. मग तेच फोटो, तीच वजनं, तेच ओरखडे सगळ्या ग्रुपवर टाका, व्यापाऱ्यांना पाठवा, प्रदर्शन भरवणाऱ्यांना द्या, जितक्या लोकांना दिसतील तितक्यांना दाखवा. ओळखलं जाणारं नाणं विकणं अवघड असतं, आणि चोर सहसा पहिल्या काही दिवसांतच गिऱ्हाईक शोधतो. संपर्कासाठी पोलीस ठाण्याचा फोन आणि गुन्हा क्रमांक द्या. आपल्या घराचा पत्ता त्या पोस्टमध्येही लिहू नका.